खिडकीतला आकडा

पाच टन, म्हणाले अल्सीड गिड्री, दारातच.
शेजारच्या ब्रूसार्डकडे पाच आहे,
मग मी काय घोडं मारलंय?

मी पायरीशी पेटी ठेवली, फीत काढली.
लेक चार्ल्सचा ऑगस्ट. सकाळचे नऊ,
आणि मानेवर हवा, न पिळलेल्या टॉवेलसारखी.

आत थंड होतं. हो, थंडच होतं.
पण मिठाच्या डबीत तांदूळ घालूनही मीठ दगड.
कपाटातल्या चामडी बुटांवर हिरवट लव.
चादर अशी दमट, जणू आत्ताच
कुणी पोहून येऊन तिच्यावर लोळून गेलंय.
एवढ्यात परसातलं जुनं धूड डरकाळी फोडून सुरू झालं,
दिव्यांनी क्षणभर मान खाली घातली.
मी घड्याळ धरलं.
सहा मिनिटं.
मग चिडीचूप.

"पाहिलंस? काय जोर आहे!"
जोर आहे, म्हटलं, दम नाही.
खोली गार केली की हा मोकळा,
हवेतलं पाणी पिळायला थांबतोय कशाला.
पाहुणे दारात असताना विसळलेली भांडी ही:
वरून लखलखीत, बुडाशी खरकटं.

त्यांना पटलं नाही. मी मोजत राहिले.
पश्चिमेला दोन खिडक्या, काच एकेरी.
माळ्यावरचं अस्तर वीतभर हवं, उरलंय चार बोटं.
दक्षिणेला पिकॅनचं झाड, असं जुन्या कागदावर.
आता नुसता बुंधा;
वादळाने नेलं ते सावलीसकट,
आणि सावली काही फुकट नसते,
पाव टन तरी धरावी लागते.

घरात माणसं किती?
अर्जात असतोच हा प्रश्न, मनात काही नसतं माझ्या.
माणूस नुसता बसला तरी दिव्याएवढा तापतो.
"एक," म्हणाले.
मग म्हणाले, "रविवारी अकरा. अकरा लिही."
रविवारी पंखे लावा, म्हटलं. एक लिहिलं.

"बरं, हा टन टन म्हणतेस तो कशाचा?
माझ्या बापाचं खेचर ओढायचं, तो?"
शाळेत पाठ केलेलं सांगितलं मी:
टनभर बर्फ एका दिवसात वितळताना
जेवढी ऊब गिळेल, तेवढं बळ.

चौकटीवर त्यांचा हात थांबला.
"बर्फ?"
बर्फच.

मग ते बसले. खुर्ची आधी, गुडघे नंतर.
"बाप ह्याच रस्त्याने बर्फ वाटायचा.
गाडीत भुसा, भुशात लाद्या.
घरोघर खिडकीत पुठ्ठा, चार बाजूंना चार आकडे:
पंचवीस, पन्नास, पंचाहत्तर, शंभर.
जो वर, तेवढे पौंड आत न्यायचे.
मी नऊ वर्षांचा. मिस ओझीनचं पंचवीस होतं,
मी पन्नासची लादी उचलून नेली. दंड दाखवायचे होते.
पेटीत मावेना, झाकण लागेना,
संध्याकाळी म्हातारीच्या फळ्या फुगून वर आल्या.
बापाने हात नाही लावला.
म्हणाला, खिडकी वाचायची, पोरा.
आपले दंड नाही."

परसात धूड पुन्हा गरजलं.
या वेळी दोघांनी मोजलं. बोललो नाही.

"किती मग?"
माळा भरून घेतलात तर अडीच. नाहीतर तीन.
मालक कुरकुरेल माझा, पाचात त्याचे चार पैसे जास्त.
कुरकुरू दे. मापात पाप मला पचत नाही.

वीजबिलाच्या पाठीवर त्यांनी अडीच लिहिलं,
जाड, दोनदा गिरवून,
आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत टेकवून ठेवलं,
आकडा रस्त्याकडे.
"दिसू दे ब्रूसार्डला."
मग जरा थांबून,
"बुटांचं विचारायला हवं त्याला."